मतदार यादीतील नाव : वाचकांचे प्रश्न

मतदार यादीतील चुकांविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्यांच्या तक्रारी विशिष्ट कार्यालयाविषयी किंवा व्यक्तीविषयी होत्या, त्यांनी त्या थेट आपल्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी द्याव्यात आणि पोच घ्यावी.

प्रश्न : लग्नापूर्वी माझे नाव मिरज मतदारसंघात होते. लग्नानंतर मी चिंचवडला आले, नाव बदलले आणि सासरच्या पत्त्यावर नवीन मतदार म्हणून अर्ज भरला. तो मंजूर होऊन ओळखपत्रही आले. आता भावाकडून कळते की मिरजेच्या यादीत माझे माहेरचे नाव तसेच आहे. माझ्या हातून गुन्हा घडला आहे काय? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ प्रमाणे एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असू शकत नाही आणि कलम १८ प्रमाणे एकाच मतदारसंघात ते दोनदा येऊ शकत नाही. आपण भरलेला नमुना ६ हा केवळ प्रथमच नोंदणी करणाऱ्यांसाठी असतो आणि आपले नाव अन्य कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाही, असे प्रतिज्ञापन अर्जदार त्यावर सही करून देतो. खोट्या प्रतिज्ञापनासाठी कलम ३१ मध्ये एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मात्र ते विधान असत्य असल्याचे सही करणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे किंवा ते खरे असल्याचा त्याचा विश्वास नसला पाहिजे, अशी त्या कलमाची रचना आहे. लग्नानंतर माहेरचे नाव आपोआप निघून जाते, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि आपल्या पत्रावरून आपलीही तीच असावी. तथापि आता वस्तुस्थिती कळली आहे, तेव्हा दिरंगाई करू नये. मिरजेच्या नोंदीपुरता नमुना ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, स्वतःच भरावा, त्यात दुसरीकडे नोंद असल्याचे कारण नमूद करावे आणि दोन्ही ओळखपत्रांचे क्रमांक द्यावेत. मिरजेचे जुने ओळखपत्र कपाटात जपून न ठेवता जमा करावे.

पत्ता बदलल्यावर खरे म्हणजे नमुना ८ भरावयाचा असतो. १ ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतर, नोंदीतील दुरुस्ती, ओळखपत्राची दुसरी प्रत आणि दिव्यांग असल्याची नोंद या सर्व गोष्टी याच एका नमुन्यात आल्या आहेत. स्थलांतराचा अर्ज मंजूर झाला की जुन्या जागेची नोंद निघते, नव्या जागी लागते आणि ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, म्हणून दुबार नोंदीचा प्रश्नच उद्भवत नाही. नमुना ६ आणि नमुना ८ यांतील हा भेद जर अर्ज स्वीकारणाऱ्याने जागीच समजावून सांगितला, तर दुबार नावांचा मोठा भाग निर्माणच होणार नाही, असे माझे मत आहे.

संगणकाने हे का पकडले नाही, असेही आपण विचारले आहे. दुबार नोंदी शोधणारी प्रणाली मतदाराचे नाव, नातेवाइकाचे नाव, वय, लिंग आणि छायाचित्र यांतील साम्य पाहते. आपल्याकडे लग्नानंतर मुलीच्या नोंदीत वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलले जाते आणि छायाचित्र तर नवे असतेच. मग लिंग आणि वय एवढेच काय ते जुळते, आणि तेवढ्यावरून कोणालाही दुबार ठरवणे धोक्याचे होईल. स्त्रियांच्या नोंदींचा प्रश्न आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीइतका जुना आहे. १९५१-५२ मध्ये मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत अनेक स्त्रियांची नोंद अमक्याची आई किंवा तमक्याची पत्नी अशीच झाली होती आणि त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही म्हणून सुमारे २८ लाख नावे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात यादीतून वगळावी लागली. यादी अचूक ठेवण्याचा तो निर्णय नियमाला धरून होता, पण त्याची किंमत त्या स्त्रियांनी मोजली.

प्रश्न : आमच्या गावातील निम्मी घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घराला कुलूप आहे म्हणून काहींची नावे स्थलांतरित ठरवून वगळली गेली. हे कायद्याला धरून आहे काय? (एक वाचक, पाटोदा तालुका, जिल्हा बीड)

उत्तर : नाही. नाव कोठे असावे हे सर्वसाधारण रहिवासावरून ठरते आणि त्याविषयीचे त्याच १९५० च्या अधिनियमातील कलम २० दोन्ही बाजूंनी स्पष्ट आहे. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरते बाहेर गेले म्हणून कोणाचा रहिवास संपत नाही. कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात हंगामापुरते गेलेले कुटुंब कारखान्याच्या तळावर पालात राहत असले, तरी त्याचा रहिवास गावातच असतो.

अडचण वेळापत्रकाची आहे. १ जानेवारी या अर्हता दिनांकावर, म्हणजे ज्या दिवशी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात त्या दिनांकावर, आधारित यादीच्या वार्षिक पुनरीक्षणात (फेरतपासणीत) प्रारूप यादी प्रसिद्ध होणे आणि तीवर दावे व हरकती घेणे ही कामे सामान्यतः ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात येतात, म्हणजे गाळप हंगाम सुरू होऊन टोळ्या बाहेर पडतात नेमक्या त्याच वेळी. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, हा बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतो. नेहमीचे काम सांभाळून तो दारापर्यंत जातो, कुलूप पाहतो, शेजाऱ्याला विचारतो आणि शेजारी सहज सांगतो, ‘ते गेले’. या दोन शब्दांतून कायमचे स्थलांतर आणि हंगामी प्रवास यांतील फरक कळणार नाही.

म्हणूनच कायद्याने येथे एक अट घातली आहे. रहिवास संपला या कारणाने नाव वगळण्यापूर्वी मतदाराला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे, असे कलम २२ सांगते. आधीच यादीत असलेल्या व्यक्तीला नोटीस न देता, म्हणणे न ऐकता बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात ठामपणे सांगितले आहे. बिहारमधील विशेष सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीत न आलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करावी, असा आदेश त्याच न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिला, त्यामागेही हाच विचार दिसतो. मृताचे नाव यादीत राहिले तर दोष निर्माण होतो, पण तो मतदान केंद्रावर ओळख पटवताना अडवता येतो. जिवंत माणसाचे नाव गेले तर मतदानाच्या दिवशी त्यावर काहीच उपाय उरत नाही. या दोन चुका सारख्या मानता येणार नाहीत.

ज्यांची नावे गेली आहेत, त्यांनी यादीच्या शेवटी जोडलेली पुरवणी पाहावी. तेथे वगळलेल्या प्रत्येक नोंदीपुढे कारणाचे अक्षर असते : ‘ई’ म्हणजे मृत, ‘एस’ म्हणजे स्थलांतरित, ‘आर’ म्हणजे दुबार. ‘एस’ असेल आणि नोटीस मिळालेली नसेल, तर आदेशाविरुद्ध १५ दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर ३० दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. मुदत निघून गेली असेल तर पुन्हा नाव नोंदवण्याचा अर्ज करावा. पुढील वर्षासाठी मात्र टोळी निघण्यापूर्वीच ग्रामसभेत यादीचे वाचन करून घ्यावे आणि हंगामासाठी जाणाऱ्या कुटुंबांची यादी, मुकादमाच्या दूरध्वनी क्रमांकासह, बीएलओकडे द्यावी. ग्रामसभेतील वाचनाची पद्धत अनेक गावांत केवळ इतिवृत्तापुरती उरली आहे. वाचन खरोखर मोठ्याने झाले, तर कोण वारले, कोण नांदायला गेली आणि कोण फक्त ऊस तोडायला गेले आहे, हे तासाभरात निश्चित होते.

प्रश्न : वडिलांना जाऊन तीन वर्षे झाली, तरी प्रत्येक निवडणुकीला त्यांची चिठ्ठी येते. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून नमुना ७ द्यावा, आपण त्याच मतदारसंघाचे मतदार असल्याने आपल्याला तो देता येतो. मृत्यूनोंदणीची माहिती निबंधकांकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळवण्याचा निर्णय भारत निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केला आहे, पण जुन्या मृत्यूंसाठी कुटुंबीयांचा अर्ज हाच खात्रीचा मार्ग आहे.

प्रश्न : मुलगी पुण्यात वसतिगृहात राहते आणि ऑगस्टमध्ये १८ वर्षांची होईल. तिने नाव कोठे आणि केव्हा नोंदवावे? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : पूर्वी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार आहेत. आपल्या मुलीला १ ऑक्टोबर लागू होईल. वयाची १७ वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, त्यामुळे वाढदिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम असलेल्या विद्यार्थ्यांना घर किंवा वसतिगृह यांपैकी एक पत्ता निवडण्याची मुभा आहे. वसतिगृहाचा पत्ता द्यावयाचा असल्यास संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र लागते. मतदानाच्या दिवशी ती जेथे असण्याची शक्यता अधिक, ते ठिकाण निवडावे.

प्रश्न : आमच्या संस्थेत सव्वाशे सदनिका आहेत. सोडून गेलेल्या भाडेकरूंची नावे एकगठ्ठा वगळावीत म्हणून मी सचिव या नात्याने अर्ज तयार करत आहे. इमारत लवकरच पुनर्विकासाला जाणार आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एकगठ्ठा अर्ज स्वीकारले जात नाहीत. प्रत्येक नावासाठी स्वतंत्र नमुना ७ लागतो आणि त्यातील विधानाची जबाबदारी सही करणाऱ्यावर असते. राजकीय पक्षांच्या केंद्रस्तरीय प्रतिनिधींनाही सामान्यतः एका दिवसात दहापेक्षा अधिक अर्ज देता येत नाहीत आणि एकाच प्रतिनिधीकडून तीसपेक्षा अधिक अर्ज आल्यास त्यांची फेरपडताळणी होते. ही काळजी योग्यच आहे, कारण वगळण्याच्या अर्जाचा दुरुपयोग हा नोंदवण्याच्या अर्जाच्या दुरुपयोगापेक्षा उशिरा लक्षात येतो. आपण सदनिकानिहाय माहितीचा तक्ता बीएलओला द्यावा आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. त्याच तक्त्यात नव्याने राहायला आलेल्यांचाही रकाना ठेवावा. सचिवांच्या तक्त्यांत तो रकाना बहुधा नसतो. पुनर्विकासामुळे भाड्याच्या जागेत जाणाऱ्या आणि परतीचा करार हाती असलेल्या सभासदांचे बाहेर राहणे तात्पुरते आहे, असे म्हणण्यास चांगला आधार आहे. करारनाम्याची प्रत मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे आधीच देऊन ठेवावी, म्हणजे पाडलेल्या इमारतीच्या जागी पोहोचलेला बीएलओ संपूर्ण इमारतच स्थलांतरित ठरवणार नाही.

प्रश्न : विधानसभेच्या यादीत माझे नाव बरोबर आहे, पण महापालिकेच्या यादीत ते शेजारच्या प्रभागात गेले. तक्रार कोणाकडे करावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तो स्वतंत्र यादी तयार करत नाही. ठरावीक दिनांकाची विधानसभेची यादी घेऊन तिची प्रभागनिहाय विभागणी केली जाते. या विभागणीतील चूक महापालिकेच्या निवडणूक विभागाकडे प्रारूप प्रभाग यादीच्या हरकतीच्या मुदतीत दाखवावी लागते. हरकतीसोबत विधानसभेच्या यादीतील भाग क्रमांक आणि अनुक्रमांक द्यावा, तसेच आपल्याच इमारतीतील दोन-तीन शेजाऱ्यांचे क्रमांकही जोडावेत. संपूर्ण इमारत किंवा गल्ली चुकून दुसरीकडे गेली असल्यास ते त्यावरून लगेच दिसते आणि सर्वांची दुरुस्ती एकत्र करता येते. मूळ विधानसभेच्या यादीत नाव नसल्यास मात्र ही हरकत उपयोगाची नाही. त्यासाठी नमुना ६ भरावा लागतो, आणि तो वर सांगितलेल्या ठरावीक दिनांकानंतर मंजूर झाला असल्यास त्या वेळच्या महापालिका निवडणुकीत त्याचा लाभ मिळत नाही.