सायलोला कोठार म्हणावे की पेव?

अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. एका गावातल्या धान्याच्या जुन्या सायलोंवरचा, म्हणजे धान्य साठवायच्या उंच, गोल मनोऱ्यांवरचा लेख ती मराठीत आणते आहे. तिचे वाक्य असे: 'ग्रामीण गावातील धान्य गोदामांच्या वारसाचे मूल्य मोठे आहे.' सायलोला 'गोदाम' चालेल की 'कोठार' बरे, एवढेच तिने विचारले. मला मात्र आधी खटकले ते 'वारसाचे'.

वारस म्हणजे हक्क सांगणारा माणूस; त्याचे रूप 'वारसाचे'. वारसा म्हणजे मागून आलेला ठेवा. त्याचे सामान्यरूप 'वारशा'. ससा-सशाचे, पैसा-पैशाचे, तसेच वारसा-वारशाचे. 'वारसाचे मूल्य' लिहिले की इमारत बाजूला राहते आणि तिच्या वारसदाराचे मोल होऊ लागते. ही चूक हल्ली छापील मजकुरातही दिसते, म्हणून जरा ठासून सांगतो. सरळ 'वारसामूल्य' असा समास केला तर प्रश्नच मिटतो. 'ग्रामीण गाव' ही तर पुनरुक्ती. नुसते 'गाव' पुरे.

आता सायलो. 'गोदाम' नको. गोदामात कोणताही माल पोत्यांत, खोक्यांत रचून ठेवता येतो. सायलोत धान्य सुटे असते: वरून ओतायचे, तळाच्या नरसाळ्यातून काढायचे. सुटे धान्य भिंतींना बाहेर रेटते, म्हणून भिंत गोल. 'कोठार' हा 'कोष्ठागार'वरून आलेला सुंदर शब्द आहे आणि अर्थाने चुकीचाही नाही, पण त्यात ना उंची दिसते, ना गोलाई. 'कणगी' गोल आणि उभी असते खरी, पण ती विणलेली, लिंपलेली, घरातली. काँक्रीटच्या मनोऱ्याला कणगी म्हणणे मला जड जाते.

सगळ्यात जवळचा शब्द अनपेक्षित जागी सापडतो. सायलो हा शब्द इंग्रजीत स्पॅनिशमधून आला आणि बहुतेक कोश त्याचे मूळ ग्रीक 'सिरोस'पर्यंत नेतात. सिरोस म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. म्हणजे आपले पेवच! पेवाचे तोंड बंद झाले की आतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो; म्हणून पेव उघडल्या उघडल्या आत उतरणे जिवावर बेतते. बंद सायलोतही हाच धोका असतो. एक जमिनीखाली, एक आभाळाकडे, पण काम तेच. तरीही अनुवादात 'पेव' वापरू नये असे माझे मत आहे. वाचकाच्या मनात लगेच 'पेव फुटणे' उभे राहील आणि डोळ्यांसमोर खड्डा येईल, मनोरा नाही.

आणि इथे मनोराच महत्त्वाचा आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात धान्यव्यापारी फ्रँक पीव्ही आणि बांधकाम करणारे चार्ल्स हॅग्लिन यांनी १८९९-१९०० मध्ये काँक्रीटचा एकच गोल सायलो केवळ प्रयोग म्हणून उभारला. त्याआधीची कोठारे बहुतेक लाकडी, आगीला सोपी. धान्य काढताना हा सायलो फुटेल असे लोक म्हणत होते. तो फुटला नाही. व्यापारी साठवणुकीसाठी तो कधी वापरलाही गेला नाही, तरी आज तो राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलेला आहे. केप टाउनमध्ये १९२० च्या दशकातले सायलो आतून कोरून त्यांचे कलासंग्रहालय केले, ते २०१७ मध्ये उघडले. धान्य गेले तरी आकार राहिला, आणि वारसा म्हणून जपला गेला तो हाच आकार. तो ज्या शब्दात हरवतो तो शब्द या लेखाला उपयोगाचा नाही.

म्हणून 'सायलो'च ठेव. पहिल्यांदा येईल तिथे 'धान्य साठवायचे उंच, गोल मनोरे' एवढे सांगून टाक. पुढे वाचक सांभाळून घेतो. सगळ्या आवाराबद्दल बोलायचे असेल तिथे खुशाल 'कोठार' लिही. शब्द पुल्लिंगी चालवावा आणि फोटोसारखा: एक सायलो, चार सायलो, सायलोंचे. 'सायलोज' नको, मराठीत अनेकवचनाला इंग्रजी शेपूट लागत नाही.

तर वाक्य असे होईल: 'गावातल्या धान्याच्या जुन्या सायलोंचे वारसामूल्य मोठे आहे.'