नळाच्या एल्बोला चीर पडलीये, एम-सील लावूनही गळतंय, प्लंबर येईपर्यंत काय करू?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला जे कळलं ते असं, की बिल्डिंग चार मजली, तुम्ही तळमजल्यावर राहता, पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, बाथरूममधल्या उघड्या पाइपलाइनच्या प्लास्टिकच्या एल्बोला (काटकोनी जोडाला) जिथे नळ बसवलाय तिथे चीर गेलीये, रात्री एम-सील (दोन गोळे मळून लावायची लांबी) लावलं, सकाळी परत धार सुरू, आणि प्लंबर दसऱ्याला ओडिशाला गावी गेलाय. (आपल्याकडे मुंबई-पुण्यात प्लंबिंग करणारे कितीतरी जण तिकडच्या केंद्रपाडा जिल्ह्यातले आहेत, त्यामुळे सणाला ते गेले की अख्ख्या सोसायटीची पंचाईत होते, तुमची एकट्याची नाही.)

माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि गळतीचं गिऱ्हाईक काउंटरवर आलं की पहिला शब्द एम-सील हाच असतो. ते द्यायला माझी काहीच हरकत नाही, चांगली वस्तू आहे, पण मी आधी विचारतो की चीर प्रेशरच्या लाइनला आहे की सांडपाण्याच्या, कारण सगळा खेळ तिथेच आहे. टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर नळापाशी साधारण एक किलो प्रेशर असतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा रेटा. तुमच्याकडे चार मजले वर टाकी म्हणजे सव्वा किलो धरा, वर प्रेशर पंप बसवलेला असेल तर आणखी जास्त. हा रेटा आतून बाहेर असतो आणि तुम्ही लावलेला गोळा बाहेरून नुसता चिकटून बसलेला, त्यात तो ओल्या पाइपवर लावला असेल तर चिकटलेलाही नाही, पाणी मधे शिरतं आणि त्याला उचलतं. आणखी एक, नळ बंद असताना प्रेशर पूर्ण असतं, सुरू असताना कमी होतं, म्हणून रात्री कोणी पाणी वापरत नाही तेव्हाच गळती वाढते.

त्यामुळे आत्ता पहिलं काम म्हणजे पाणी बंद करणं. गच्चीवर टाकीखालून प्रत्येक लाइनला वॉल (पाणी बंद-चालू करायची चावी) असतो, तुमच्या बाथरूमचा कुठला ते शोधा, जुना पितळी गेट वॉल असेल तर बऱ्याचदा जाम झालेला असतो, त्याला पान्याने रेटू नका, दांडा तुटला तर टाकी रिकामी होईपर्यंत पाणी थांबणार नाही. हलकं मागे-पुढे करत सोडवा, नाहीच झालं तर सोसायटीला सांगून टाकीचा मुख्य वॉल बंद करा. मग बाथरूममधला सगळ्यात खालचा नळ उघडा ठेवून लाइन पूर्ण रिकामी करा. गिझरची लाइन त्याच वॉलवर असेल तर गिझरचा स्विच आधी बंद.

आता रात्रीचं एम-सील सगळं खरवडून काढा. जुन्यावर नवीन थापलं तर काही उपयोग नाही. नळ मात्र काढायला जाऊ नका, चिरलेल्या एल्बोतून नळ फिरवला की तोंडाचा तुकडाच हातात येतो. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने एल्बो चारही बाजूंनी घासा, त्याची चकाकी गेली पाहिजे, मग कोरड्या फडक्याने पुसा आणि तासभर पंख्याची हवा लागू द्या. घाई म्हणून मेणबत्ती किंवा लायटर लावतात लोक, कृपा करून करू नका, प्लास्टिक मऊ होऊन चीर आणखी उघडते.

चीर नळ बसतो त्या तोंडापासून सुरू झालीये का ते नीट बघा, बहुतेक तशीच असेल, कारण प्लास्टिकच्या आट्यात धातूचा नळ, त्यावर भरमसाट टेफ्लॉन टेप (आट्यांवर गुंडाळायची पातळ पांढरी पट्टी) आणि वरून पान्याने एक जादा फेरा, यानेच हे एल्बो फुटतात. मालाला दोष देतात लोक पण फुटतो तो आवळण्याने. तर तोंडावर बाहेरून बसेल अशी स्टीलची होज क्लॅम्प घ्या, जुबली क्लिप म्हणूनही मिळते, किंमत किरकोळ असते, ती तोंडाभोवती घालून स्क्रू-ड्रायव्हरने आवळा, चीर मिटताना डोळ्याने दिसते, मिटली की थांबा. ही क्लिप रेटा घेणार आणि एम-सील फक्त फट बुजवणार, अशी कामाची वाटणी झाली तर टिकतं.

मग एम-सीलचे दोन्ही गोळे सारखे घेऊन रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा, हातमोजे घाला कारण काहींच्या कातडीला ते सहन होत नाही. आधी चिरेत अंगठ्याने दाबून भरा, नंतर एल्बोभोवती पूर्ण पट्टा फिरवा, पाच-सहा मिलिमीटर जाड, नुसता एका बाजूला गोळा थापू नका, कारण गोळा निघून येतो, पूर्ण फिरलेला पट्टा स्वतःलाच धरून बसतो. क्लिप बसायला जागाच नसेल तर औषधाच्या दुकानातली सुती गॉज पट्टी घ्या, ॲराल्डाइट या गोंदाचे दोन्ही भाग मिसळून त्यात भिजवत भिजवत एल्बोवर तीन-चार थर गुंडाळा, मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात तसं. आणि मग पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ तरी पाणी सोडू नका, शक्य असेल तर अख्खी रात्र जाऊ द्या, एवढी एकच गोष्ट लोक पाळत नाहीत.

पाणी सोडल्यावर वॉल अर्धा उघडा ठेवला की प्रेशर अर्धं होतं असं खूप जणांना वाटतं, तसं होत नाही. अर्ध्या वॉलने फक्त धार बारीक होते, नळ बंद केला की थोड्या वेळात पूर्ण प्रेशर परत येतं. म्हणून प्लंबर येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ वॉल उघडून बादल्या, पिंप भरून घ्या आणि बाकी वेळ, विशेषतः रात्री आणि घराला कुलूप लावून जाताना, बंदच ठेवा. खरं सांगतो, सगळ्या लेपांपेक्षा हा उपाय जास्त भरवशाचा आहे.

चीर सरळ पाइपला असती तर काम सोपं होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिरेपेक्षा दोन्हीकडे दोन-तीन सेंटिमीटर जास्त घ्यायचा, पाइपभोवती घट्ट बसवायचा आणि दोन-तीन होज क्लॅम्पनी आवळायचा, गळती थांबली की पुढे आवळायचं नाही. बांधकामाची तार वापरतात लोक, ती रबर कापते. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपला गंजून बारीक भोक पडलं तरी हेच, फक्त गंज जास्त खरवडू नये, भोक मोठं होतं.

टेफ्लॉन टेप बाहेरून गुंडाळून काही होत नाही, ती आट्यांसाठी आहे. इन्सुलेशन टेपही प्रेशरला टिकत नाही. फेव्हिक्विक कडक होतं आणि नळ हलला की तडकतं. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप किंवा वेस्ट पाइप असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रेशर नसतं, कोरडं करून एम-सील लावलं तर बरेच दिवस निभावतं. प्लास्टिकच्या टाकीला मात्र एम-सील धरत नाही, पॉलिथिनला ते चिकटतच नाही, तिथे प्लास्टिक वेल्डिंगवालाच बोलवावा लागतो. आणि गिझरच्या गरम लाइनला चीर असेल तर यातलं काहीही करू नका, गिझर बंद, त्या लाइनचा वॉल बंद, आणि चुलीवर पाणी तापवा. गळणारं पाणी विजेच्या बोर्डाकडे जात असेल तर त्या खोलीची वीज तोडणारा एमसीबी स्विच खाली करा, ओल्या हाताने नाही.

प्लंबर आला की एल्बो कापून नवीन टाकायला सांगा, आणि नळाच्या जागी आत पितळी आटे असलेलाच एल्बो आणा, थोडा महाग पडतो पण आवळताना फुटत नाही. पाइप पांढरा असेल तर बहुतेक यूपीव्हीसी, पिवळट क्रीम असेल तर सीपीव्हीसी, पाइपवर छापलेलं असतंच, दोघांचं सोल्युशन (जोड चिकटवायचा गोंद) वेगळं असतं, दुकानात सांगून घ्या. एक काळजी आजच घ्या, लेप लावताना एल्बोच्या पुढे सरळ पाइपवर पसरवत नेऊ नका, प्लंबरला जोड द्यायला दोन-तीन इंच तरी स्वच्छ पाइप लागतो, तो नाही मिळाला तर भिंत फोडायची वेळ येते.