बिघडलेली स्पोर्ट्स कार, वहिनींचं सोनं आणि ऑक्टोबर महिना

प्रश्न : वय ३२, जळगावला एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पगार हातात ४६,००० रुपये येतो. दीड वर्षापूर्वी पुण्याहून २०११ ची दोन दारांची, बाहेरून आयात झालेली टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स कार ८ लाख ४० हजारांना घेतली. ५ लाख वैयक्तिक कर्ज (१४ टक्के, ५ वर्षं, हप्ता ११,६३४) आणि बाकीची साठवलेली रक्कम. १७ हप्ते भरले. आता गिअरबॉक्स बसला आणि गाडी शेडमध्ये उभी आहे. पुण्याच्या गॅरेजने २ लाख ४० हजार सांगितले. तिथलाच एक डीलर फोटो पाहून 'आहे तशी' ३ लाख १० हजारांना उचलायला तयार आहे. दुरुस्त झाली तर ५ लाख तरी येतील. एफडी १ लाख १० हजारांची आहे. बायको म्हणते, माझं सोनं ठेवा, पण एकदाची गाडी चालू करा. इतके पैसे घातल्यावर अशी मातीमोल विकवत नाही. काय करू?

उत्तर : भाऊ, पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. तुमचा खरा प्रश्न तिथे आहे, गिअरबॉक्समध्ये नाही.

माझे वडील वरखेडीच्या बैलबाजारात जायचे तेव्हा मी लहानपणी त्यांच्यामागे फिरायचो. एकदा आमचा बैल पायाने अधू झाला होता. समोरच्या दलालाला मी मोठ्या शहाणपणाने सांगायला गेलो की आम्ही हा किती महाग घेतला होता. वडिलांनी मला मागे ओढलं नि म्हणाले, "कितला दिन्हा ते घर सांग, बजारमा आज काय भेटस ते बोल." म्हणजे कितीला घेतला ते घरी सांग, बाजारात आज काय मिळतं ते बोल. तेव्हा राग आला होता. आता रोज लोकांना हेच वेगळ्या भाषेत सांगून फी घेतो.

तेव्हा ८ लाख ४० हजार हा आकडा बाजूला ठेवा. गाडी विका किंवा दुरुस्त करा, ते पैसे दोन्हीकडे गेलेलेच आहेत. कर्जाचा उरलेला भारही दोन्हीकडे सारखाच. १७ हप्त्यांचे जवळपास १ लाख ९८ हजार भरून मुद्दल फक्त १ लाख ८ हजारांनी उतरलंय, म्हणजे आजही साधारण ३ लाख ९२ हजार देणं आहे. सुरुवातीचे हप्ते व्याजच जास्त खातात.

आता आजचे आकडे. दुरुस्त गाडीचे ५ लाख धरू, तुमच्या शब्दावर. त्यातून २ लाख ४० हजार गेले. जळगावहून पुण्याला सपाट ट्रकवर (फ्लॅटबेड) गाडी न्यायचे आणि परत दाखवायला फिरवायचे २५ हजार धरा. हातात उरले २ लाख ३५ हजार. आणि आज शेडमधून न हलवता ३ लाख १० हजार मिळतायत. म्हणजे दुरुस्त करून विकलीत तर ७५ हजारांचा खड्डा, वर दोन महिने गॅरेजला फोन करत बसायचं. जुन्या गाडीतून काढलेला, दुरुस्त केलेला गिअरबॉक्स बसवून १ लाख ३५ हजारांत काम झालं, असं समजू. तरी हातात ३ लाख ४० हजार. फायदा तीस हजारांचा, तोही सगळं सुरळीत झालं तर. एवढ्यासाठी मी तरी हा जुगार खेळणार नाही.

मात्र २ लाख ४० हजारांचा तो अंदाज कशावरून आला, हे विचारलंत का? तुमच्या गाडीत ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर त्याचा मेंदू, ज्याला गॅरेजवाले मेकॅट्रॉनिक म्हणतात, त्यात व्हॉल्व्ह, सेन्सर आणि कंट्रोल युनिट एकत्र असतात. एखादा सेन्सर किंवा व्हॉल्व्ह गेला तरी पुष्कळ गॅरेज अख्खं असेंब्लीच बदलायला सांगतात, कारण त्यांना तेवढंच येतं. गाडी न पाहता फोनवर दिलेला अंदाज असेल तर तो बहुधा सगळ्यात वाईट शक्यतेचा असतो. म्हणून एक खर्च जरूर करा : चांगला स्कॅनर असलेला माणूस जळगाव किंवा नाशिकहून बोलवा, एरर कोड छापून घ्या. गिअरबॉक्स वेट क्लचचा, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचचा असेल तर साधारण दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावा लागतो. आधीच्या मालकाने तो बदलल्याची पावती आहे का तेही पाहा. हा कागद दुरुस्तीसाठी नव्हे, डीलरशी घासाघीस करायला लागेल. बिघाड नेमका काय हे माहीत नसलं की घेणारा सगळ्या शंकांचे पैसे किमतीतून कापतो.

विम्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. सर्वसमावेशक पॉलिसीतही झिजून किंवा आपोआप झालेला यांत्रिक बिघाड धरत नाहीत.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, ते सांगतो. गाडी २०११ ची आहे. आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, काढून पाहा, नोंदणीच्या तारखेपासून १५ वर्षं कधी भरतात? समजा येत्या ऑक्टोबरात. त्यानंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पाच वर्षांसाठी. साध्या कारला त्याची फी ५,००० रुपये आहे, पण आयात चारचाकीला ४०,००० रुपये. वर पर्यावरण कर वेगळा. आणि त्याआधी आरटीओत गाडी तपासणीला उभी करावी लागते, म्हणजे ती चालली पाहिजे. डीलरला हे तुमच्याआधी माहीत आहे. आज ३ लाख १० हजार म्हणणारा नोव्हेंबरात काय म्हणेल, याचा अंदाज करा. कपाशी वेचून झाल्यावर बघू, असं करत बसू नका.

सोन्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण जळगावात सोनं ठेवणं हे भाजी आणण्याइतकं सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला दागिन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. म्हणजे मिळेल, यात शंका नाही. पण २ लाख ४० हजार समजा १२ टक्क्यांनी, दोन वर्षांच्या हप्त्यांनी घेतले, तर महिन्याला ११,३०० च्या आसपास पडतात. आधीचा हप्ता धरून जवळजवळ २३,०००, म्हणजे पगाराचा बरोबर अर्धा. उरलेल्या अर्ध्यात घरखर्च, गाडीचं पेट्रोल, विमा आणि त्या गाडीचा पुढचा बिघाड. पंधरा वर्षांच्या टर्बो गाडीचा पुढचा बिघाड येतोच, कधी येतो एवढंच ठरायचं असतं. वहिनींनी सोनं देऊ केलं ते तुमचा उतरलेला चेहरा पाहून. त्यांचं मन मोठं आहे, पण म्हणून ते सोनं गिअरबॉक्समध्ये घालायचं नसतं. एखादा दवाखान्याचा प्रसंग आला तर तेच शेवटचं हाताशी असेल.

एफडीलाही हात लावू नका. हप्ता आणि घर मिळून तुमचा महिन्याचा खर्च तीस-पस्तीस हजार असेल, तर १ लाख १० हजार म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा आधार. घरी शेती असेल तर जूनमध्ये बियाणं-खताला किती पैसे लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझं मत : विका. त्यातल्या त्यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कर्ज वैयक्तिक असल्याने आरसीवर बँकेचा बोजा नसावा, त्यामुळे बँकेच्या ना-हरकत दाखल्यासाठी (एनओसी) थांबावं लागणार नाही. ३ लाख १० हजार आले की ते सगळे मुद्दलात भरा. उरतील साधारण ८२ हजार. हप्ता तोच ठेवला तर आणखी ४३ ऐवजी आठ हप्त्यांत मोकळे. मात्र स्थिर दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी भरण्याचं शुल्क बहुधा असतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. करारातला तो परिच्छेद आधी वाचा, आणि बँकेला 'हप्ता कमी नको, मुदत कमी करा' असं लेखी द्या. नाहीतर काही ठिकाणी हप्ता आपोआप कमी करून टाकतात.

गाडी घेतलीत यावर मला काही म्हणायचं नाही. कुणी भरीत-पार्टीत पैसे घालवतो, कुणी बंगल्याच्या एलिव्हेशनमध्ये. कर्ज काढून हौस केलीत ते मात्र खटकलं. कर्ज संपल्यावर हेच ११,६३४ रुपये आवर्ती ठेवीत टाकत राहा. दोन वर्षांत मुद्दलच २ लाख ७९ हजार होतं. त्यात भारतात बनलेली, भुसावळच्या मिस्त्रीलाही सुटे भाग मिळतील अशी एखादी टर्बो हॅचबॅक बघता येईल, आणि तिला धक्का मारायची वेळ आली तर वहिनींचा डबा उघडावा लागणार नाही.

तोवर एक-दोन डीलरांना आणखी दाखवा, पहिल्याच आकड्यावर हो म्हणू नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना तारीख कोरी ठेवू नका. नाव बदलेपर्यंत चलन आणि अपघात, दोन्ही तुमच्याच दारी येतात. आणि पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय चावी देऊ नका. दुसरी चावीसुद्धा.