द्राक्षाचा घड उजव्या हातात

प्रश्न : माझा मुलगा 4 वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही) उजव्या हाताची मूठ आवळूनच ठेवतो. रोज तासभराचा व्यायाम लिहून दिलाय. तो रडतो, मी थकते. काय करू? (एक आई, नाशिकरोड)

उत्तर : ताई, तासभराचा कागद फ्रिजवरच चिकटून राहतो, हे मी घरोघरी पाहिलंय. थेरपिस्टला तसं मोकळेपणानं सांगा. व्यायाम रोजच्या कामांत मिसळता येतो.

आधी बसणं बघा. पाय लोंबकळत असतील तर सगळी ताकद धड सावरण्यातच जाते. पायांखाली पाट द्या. मूठ बोटं ओढून उघडू नका, ती आणखी आवळते. मनगट हलकेच खाली वाकवा, बोटं सैलावतात. मग अंगठा टोकाला नव्हे, बुंध्याशी धरून बाहेर घ्या.

आता काम द्या. सध्या घरात द्राक्षं असतीलच, नाशिकच ना आपलं! घड उजव्या हातात, मणी डाव्यानं तोडायचे. उजव्यानं नुसतं धरलं तरी पुष्कळ. घड पडेल, मणी सांडतील, सांडू देत. खायला मात्र उभे चिरून द्या. अख्खा मणी घशात अडकतो.