साखरपुड्यानंतर मोकळ्या जागी निवांत फोटो काढायचे असतील तर नियोजन कसे करावे?

तुम्ही पुण्यात राहता, लग्न जानेवारीत आहे, नोव्हेंबरअखेर फोटो काढायचे आहेत आणि कॅमेऱ्यासमोर दोघेही अवघडता, असे तुम्ही लिहिले आहे. मी लग्नांची छायाचित्रे काढतो. हे अवघडलेपण बहुतेकदा स्वभावापेक्षा घाईमुळे येते, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. एका दिवसात तीन ठिकाणे आणि पाच पोशाख ठरवले, की निम्मा वेळ गाडीत आणि कपडे बदलण्यात जातो आणि तो शीण प्रत्येक फोटोत उतरतो. म्हणून एकच ठिकाण, फार तर दोन पोशाख आणि सकाळचे दोन तास, एवढेच ठरवावे, असा माझा आग्रह आहे.

ठिकाण म्हणून मी वाईजवळचा मेणवलीचा घाट सुचवेन. नाना फडणविसांच्या वाड्यामागून कृष्णेत उतरणाऱ्या त्या काळ्या दगडी पायऱ्यांवर बसायला, चालायला, टेकून उभे राहायला इतक्या जागा आहेत, की मुद्दाम काही ‘पोझ’ घ्यावीच लागत नाही. त्या काळ्या दगडापुढे गडद निळा कुडता हरवून जातो, तर मोतिया, आंबा किंवा डाळिंबी रंग उठून दिसतात. भडक पोपटी मात्र टाळावा, कारण त्याची छटा थेट हनुवटीवर आणि गळ्यावर पडते.

त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि नऊनंतर उन्हामुळे डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडू लागतात, त्यामुळे पहाटे पुण्याहून निघण्याऐवजी आदल्या रात्री वाईतच मुक्काम करावा. झोप पूर्ण झालेली असणे हे कोणत्याही मेकअपपेक्षा अधिक कामाला येते, हे मी अगदी मनापासून सांगतो.

पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे मी कॅमेरा बाहेर काढतच नाही. घाटावर मेणेश्वराच्या मंदिराजवळ एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे, ती १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आली. ती पाहत, तिच्याविषयी बोलत दोघे रमले, की मी ८५ मिमीची लेन्स लावून बराच लांब उभा राहतो. तुमच्या छायाचित्रकारालाही एवढे अंतर ठेवायला आणि ‘हसा’ असे न म्हणायला आधीच सांगून ठेवा. एकदा एक अबोल मुलगा आपण लहानपणी नदीत पोहायला कसे शिकलो ते होणाऱ्या बायकोला सांगू लागला, आणि त्या दहा मिनिटांतले फोटो त्या दोघांनी पुढे घरात लावले.

घाट गावाचा आहे, हे विसरू नये. सकाळी लोक तिथे धुणे धुवायला आणि देवदर्शनाला येतात, त्यांची वाट अडवू नये आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नयेत. वाड्यात चित्रण करायचे असल्यास परवानगी आणि शुल्काची चौकशी आदल्या दिवशीच करावी. ड्रोनचा विचार मी तरी सोडून द्यायला सांगेन, कारण त्याच्या घरघरीत दोघांचे बोलणेच थांबते.

सोबत सामान सांभाळायला एकच जवळची मैत्रीण किंवा भाऊ असावा. पिशवीत पाणी, सेफ्टी पिना, कंगवा आणि थोडा खाऊ ठेवावा. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून साडी नेसून तिथे उतरताना चपला वरच काढून ठेवाव्यात आणि एकमेकांचा हात धरूनच उतरावे.