ब्रश करताना उमासे येत असतील तर

उमासे येतात म्हणून मागच्या दाढा घासायचं सोडू नका. कीड तिथंच जास्त लागते. सगळ्यात मोठा फरक ब्रशनं पडतो. लहान मुलांचा, छोट्या डोक्याचा घ्या. पेस्ट वाटाण्याएवढीच, कारण फेस घशाकडे उतरला की उमासा आलाच. मान पुढे झुकवा, श्वास नाकानं चालू ठेवा. दाढांपाशी तोंड पूर्ण उघडू नका. अर्धवट मिटलं की गाल सैल पडतो आणि ब्रश सहज आत जातो. जीभ शेवटी घासा, तीही मधल्या भागापासून पुढेच.

आणि हे खरंच जपा: उलटी झालीच तर लगेच घासू नका. आम्लानं दातांचं आवरण मऊ झालेलं असतं. नुसत्या पाण्यानं चूळ भरा, अर्धा तास थांबा, मग ब्रश.