बादलीचा कूलर वाळवंटात चालेल का?

प्रश्न : आम्ही तिघं पाच दिवस वाळवंटात कॅम्पिंगला जाणार आहोत. २० लिटरच्या बादलीचा कूलर घरीच बनवायचं चाललंय. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चालेल का? आणि पाण्यात बर्फ टाकला तर अजून गार होईल ना?

उत्तर : बर्फ प्यायच्या पाण्यात टाका, कूलरमध्ये वाया जाईल. एक किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो आणि तेवढंच पाणी वाफ होऊन उडताना जवळपास २,४०० शोषतं, म्हणजे सातपट, त्यामुळे गारवा येतो तो पाणी उडण्यातून. हवा ४० डिग्री आणि आर्द्रता १० टक्के असेल तर पॅड नीट भिजलेलं असताना २४-२५ डिग्रीची हवा मिळू शकते. दमट जागी मात्र हाच कूलर नुसता पंखा होतो.

आता बांधणी. बादलीला तळापासून पाचेक इंच सोडून (तिथे पाणी राहणार) वर चौफेर दोन इंची भोकं पाडा, आतून कूलरचं पॅड गोल लावा, पॅडच्या वरच्या कडेवर बारीक भोकांची नळी फिरवा आणि पंप तळाशी ठेवा. पंखा झाकणावर, आतली हवा बाहेर फेकेल असा, आणि तिथून जाड पाइप टेंटमध्ये. घरच्या कूलरचा पंप मेन लाइनवर चालतो, तो घेऊ नका, १२ व्होल्टचा छोटा सबमर्सिबल घ्या. पंख्यात कंजुषी नको, कॉम्प्युटरमधला बारका फॅन पॅडमधून हवा ओढतानाच दमतो. इन्व्हर्टरच्या तर नादीच लागू नका, सगळं १२ व्होल्टवरच ठेवलं की त्यात फुकट जाणारी वीज वाचते.

पंखा आणि पंप मिळून दोन अँपिअर धरा. आठ तासांचे झाले १६ अँपिअर-अवर. गाडीची बॅटरी इंजिनला एक जोराचा झटका द्यायला बनवलेली असते, रोज खोलवर उतरवली तर लवकर मरते, आणि सकाळी वाळूत गाडीला धक्का मारायला कोण येणार? वेगळी डीप सायकल (रोज उतरवून पुन्हा भरायला बनवलेली) लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ३५-४० अँपिअर-अवरची लागेल कारण ती निम्मीच वापरायची, लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर २० ची पुरते. बॅटरीच्या प्लसला अगदी जवळ फ्यूज हवाच. पण खरं सांगू का, वाळवंटात रात्री बऱ्याचदा आपोआप गार होतं, कूलर लागतो दुपारी, आणि दुपारीच तर ऊन असतं! १०० वॉटचं सोलर पॅनल आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरू न देणारा डबा) असला की कूलर चालवून वर बॅटरीही भरते.

लोक चुकतात ते हवेच्या वाटेत. मी स्वतः पहिल्या वेळी धूळ नको म्हणून टेंटच्या सगळ्या चेन लावून झोपलो आणि दोन तासांत आत घामाची आंघोळ, कारण आतली ओली हवा जाणार कुठे. बादली बाहेर सावलीत ठेवा म्हणजे कोरडी हवाच आत ओढली जाईल आणि समोरच्या बाजूची खिडकी चांगली मोठी उघडी ठेवा. टेंटवर थोडं अंतर सोडून एक ताडपत्रीही ताणा, उन्हाने कापडच तापलं तर बिचारा कूलर कुठे कुठे पुरणार.

पाणी मात्र मोजून न्या. तासाला सव्वा लिटरपर्यंत उडतं, म्हणजे आठ तासांना दहा लिटर, पाच दिवसांचे पन्नास, आणि हे पिण्याच्या पाण्यात धरायचं नाही.

प्रश्न : बोअरचं खारट पाणी चाललं तर ओझं वाचेल. वापरू का?

उत्तर : वापरा, थंडावा मिळेल. पण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे नळीची भोकं आधी बुजतात आणि मग पॅड कडक होतं. रोज संध्याकाळी तळाचं उरलेलं पाणी ओतून द्या, नळी उलटी फुंकून घ्या आणि एक पॅड जास्तीचं सोबत ठेवा.